प्रसेनजितने कोरलेला चेहरा

माझा भाऊ प्रसेनजित भित्रा आहे. हे मी त्याला विचारूनच लिहिते आहे. विचारलं तेव्हा तो ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत बसला. मग म्हणाला, "लिही. पण मी लय हिंमतवाला होतो असं काही घुसडू नोको." म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

धामणगाव बढे हे आमचं गाव. गावात त्याला पेंटर म्हणून ओळखतात, काही जण कवी म्हणतात, आणि लाकडावर कोरून चित्रं छापतो म्हणून अलीकडे बाहेरगावचेही थोडे लोक ओळखायला लागलेत. वय अडतीस. लग्न केलं नाही. मुलगी पाहायला गेला की चहा बशीत सांडायचा, आणि तिसऱ्या ठिकाणानंतर त्याने तो विषयच काढू दिला नाही. कुत्रं, विहीर, कडाडणारी वीज, अनोळखी नंबरचा फोन, बँकेतला साहेब, सगळ्यांची त्याला भीती. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. अजूनही कुत्र्यांच्या गल्लीतून जाताना तो मला पुढे घालतो.

पण एक भीती बाकीच्यांहून वेगळी होती. ती कुठून आली हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

तो आठ वर्षांचा असताना मे महिन्यात माय त्याला तेंदूपत्ता तोडायला सोबत घेऊन गेली. गल्लीतल्या सहा-सात बाया पहाटे निघायच्या, डोंगराच्या उतारावर पानं तोडायच्या आणि ऊन तापायच्या आत परतायच्या. त्यांत शेजारची शालूबाई होती. तेव्हा तिशीची असेल. बोलकी बाई. त्या दिवशी प्रसेनजितच्या डोक्याला ओलं फडकं तिनेच बांधून दिलं होतं आणि पानांच्या गड्ड्यांपाशी बसवलं होतं.

ती एका झुडपाकडे वळली आणि झुडपातून अस्वल उठलं. प्रसेनजित चाळीस पावलांवर होता. तो सांगतो, आधी आवाज आला तो शालूबाईचा नव्हता, त्या जनावराचा होता, मोठा माणूस रागाने श्वास सोडतो तसा. मग काळं काहीतरी तिच्या अंगावर गेलं. पुढचं त्याने पाहिलं नाही. तो पळाला. उतार संपला तिथल्या रस्त्याखाली पाणी जायला सिमेंटचा पाइप होता, त्यात शिरून गुडघ्यांत डोकं घालून बसला.

बायांनी दगड मारून, ओरडून अस्वल पळवलं. शालूबाईला लुगड्याच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. आणि तिथे मायच्या लक्षात आलं की पोरगं नाही. अस्वलाने नेलं की काय म्हणून ती वेड्यासारखी पुन्हा वर पळाली, तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. खाली उरलेल्या बायांना झोळी उचलणं जमेना. ज्या पाइपात तो बसला होता त्याच्यावरच, रस्त्यावर, शालूबाई निजवलेली होती. त्याला तिचं कण्हणं ऐकू येत होतं. त्याला बाहेर येऊन 'मी इथे आहे' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. एक ट्रॅक्टर आला, त्यात शालूबाईला घातलं. नंतर कोणाला तरी पाइपातून पाय दिसले.

ओढून बाहेर काढताना कोणीतरी म्हणालं, "या पोराच्या पायी उशीर झाला." कोण म्हणालं ते त्याला आजही सांगता येत नाही. पण ते वाक्य त्याच्या कानात राहिलं ते राहिलंच.

शालूबाई चार महिन्यांनी दवाखान्यातून परत आली. उजवा डोळा गेला होता, नाकाचं टोक नव्हतं, गालाची कातडी ओढून शिवलेली होती. ती पदर चेहऱ्यावर घेऊन फिरायची, हनुवटीपर्यंत, एका डोळ्याला दिसेल एवढी फट ठेवून. आमची आणि तिची भिंत एकच. ती अंगणात आली की प्रसेनजित घरात शिरायचा. तिने एकदा त्याला हाक मारली तर त्याने चड्डीत मुतलं. माय कळवळून त्याला म्हणायची, अरे तुला कडेवर घेणारी बाई ती. त्याला ते कळत होतं. त्याने भीती कमी होत नव्हती, लाज मात्र वाढत होती.

शाळेतून आला की तो बाबांच्या मागे राहायचा. बाबा, भगवंतराव तायडे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खताच्या जाहिराती, ट्रकच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, सगळं. त्यांचा हात संथ होता. एक 'क' काढायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात दुसरा पेंटर अख्खं दुकानाचं नाव उरकायचा. बाबांनी त्याला अक्षर शिकवलं: आधी रिकामी जागा पाहायची, अक्षर मागून येतं. दहा वर्षांच्या वयात तो बाबांच्या बरोबरीने पाट्या लिहू लागला. पण माणसाचं तोंड काढायला बसवलं की हात थांबायचा. बाबांनी जोर केला नाही. पाटीवर पहिलवान किंवा देवी काढायची असली की बाबा काढायचे, अक्षरं हा लिहायचा.

दुसरे गुरू कय्यूमचाचा. बाजारगल्लीत त्यांचा छापखाना होता, पायाने चालवायचं यंत्र, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची. बाबा त्यांची पाटी रंगवायला गेले तेव्हा प्रसेनजित सोबत गेला आणि तिथेच रमला. तिथे मोठ्या अक्षरांचे लाकडी ठोकळे होते, सगळे उलटे कोरलेले. त्याला ते फार आवडले. तो मला म्हणाला होता की उलट्या अक्षराला आपण पाहतो आहोत हे कळत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. तेव्हा मी हसले होते.

चाचांनी त्याला कोरायला शिकवलं. हत्यारं विकत मिळत नव्हती, म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून त्याने पटाशा केल्या, त्यांना बाभळीच्या मुठी बसवल्या. आंब्याच्या फळीवर तो झाडं कोरायचा, बैलाचा खूर, पितळी तांब्या, रिकामी खुर्ची. शाई लावून, कागद ठेवून, चमच्याच्या पाठीने घासून छापायचा. चाचा पहिला कागद उचलून उजेडात धरायचे. एकदा ते म्हणाले, "अबे, तुह्या चित्रात माणूस कुठी गेला? आत्ताच उठून गेल्यासारखं वाटते." प्रसेनजित फळीला पुन्हा शाई लावू लागला.

कविता जयंतीच्या गायन पार्टीमुळे सुरू झाली. दर एप्रिलमध्ये आमच्या मोहल्ल्यातली पोरं गाणी बसवायची आणि त्यांना नव्या ओळी हव्या असायच्या. ढोलकीच्या ठेक्यावर बसतील अशा ओळी हा झटकन लिहून द्यायचा. गायला मात्र कधी चढला नाही. स्टेजच्या मागे, जिथे वायरी आणि चपला पडलेल्या असतात, तिथे उभा राहून आपल्या ओळी ऐकायचा. पुढे तो स्वतःसाठीही लिहू लागला. त्यातली एक मला पाठ आहे:

भेव माह्या घरात राह्यते,
माह्यासंगं जेवते.
मी हात धुतो तं तेही धुते,
मी निजलो की जागते.

अठराव्या वर्षी त्याला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सगळ्या मोहल्ल्याने त्याला बसस्टँडवर सोडलं. तो एकोणीस दिवसांत परत आला. तिथे पहिल्याच आठवड्यात माणूस समोर बसवून चेहरा काढायला सांगितला होता. समोर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, अगदी साधे, आणि याला त्यांच्या उजव्या डोळ्याच्या जागी काहीच दिसेना. घामाने कागद भिजला. तो वर्गाबाहेर गेला तो पुन्हा आत गेलाच नाही. बाबांनी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातात ब्रश दिला आणि एका कृषी केंद्राच्या पाटीवर नेलं.

बाबा गेले तेव्हा तो पंचवीसचा होता. तोवर पाट्यांची कामं फ्लेक्सवाल्यांकडे गेली होती आणि कय्यूमचाचांचं यंत्रही कापडाखाली झाकलं गेलं होतं. चाचांनी लाकडी अक्षरांचे ठोकळे पोत्यात भरून याच्या हवाली केले. तो शाळांच्या भिंती रंगवून दिवस काढू लागला. शालूबाई आता एकटीच राहत होती. नवरा वारला होता, मुलगी सासरी. याची तिच्याविषयीची पद्धत बदलली नव्हती. तिचं दळण तो आणून द्यायचा, सिलेंडर लावून द्यायचा, पण मान खाली घालून. त्या मे महिन्यानंतर त्याने तिच्याकडे एकदाही वर पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात वनखात्याचं काम निघालं. डोंगराकडेच्या गावांमध्ये भिंतींवर सूचना लिहायच्या होत्या: मोह वेचायला एकटे जाऊ नका, आवाज करत चला, पिल्लं दिसली तर मागे फिरा. आणि प्रत्येक सूचनेशेजारी अस्वलाचं चित्र. वनरक्षक शेखर हा तरुण, चांगला मुलगा. त्याला जुनी गोष्ट माहीत नव्हती. त्याने जंगलातल्या कॅमेऱ्याने टिपलेले फोटो मोबाइलवर दाखवले. प्रसेनजितने एक पाहिला आणि मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला.

पहिल्या गावात त्याने अक्षरं सुंदर लिहिली आणि शेजारी जे काढलं त्याला पाहून लोक हसले. ते रेडकासारखं दिसत होतं. दुसऱ्या गावात त्याने नुसती काळी आकृती काढली आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला की त्या रंगात ब्रश बुडवणं होत नाही, काम सोडतो. मी म्हटलं, सोड. खरंच म्हटलं. मी त्याला कधी भरीला घातलं नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी शालूबाईने त्याला भिंतीपलीकडून हाक मारली. रेडकाची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. तो अंगणात उंबऱ्याजवळ उभा राहिला. मी कामावर निघाले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. तिने सांगितलं की तिचा फोटो कोणाकडेच नाही. लग्नातला होता तो वाळवीने खाल्ला. त्यानंतरचा एकच, आधार कार्डावरचा.

"त्या पोरानं पदर काढाले लावला," ती म्हणाली, "आन काढल्यावर मशीनकडंच पाहत राह्यला. मले न पाहताच फोटो काढला त्यानं. तू चित्र काढते ना? मग मह्यं तोंड काढ."

प्रसेनजित भिंतीला टेकला.  मला वाटलं आता हा पळणार. तो पळाला नाही, पण तिला जे सांगितलं ते फार वेडंवाकडं, थांबत थांबत. त्या दिवशी आपण पाइपात होतो. वर ती कण्हत होती ते ऐकलं. आपल्यामुळे उशीर झाला. डोळा आपल्यामुळे गेला असेल.

 शालूबाईच्या पदराआडून हसल्याचा आवाज आला.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी तं शुद्धीवरच नोहती. डोया तं तिथंच गेला व्हता, झुडपापाशी. तू काऊन एवढं घेऊन बसला बे?"

एवढंच. अठ्ठावीस वर्षांचं ओझं तिला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं त्याला हलकं वाटेल. पण तो नंतर म्हणाला की त्याला उलट जास्त भीती वाटली, कारण आता तोंड लपवायला कारण उरलं नव्हतं.

वनखात्याचं काम त्याने सोडलं नाही, आणि मधल्या दिवसांत तो कागद घेऊन तिच्यासमोर बसू लागला. पहिले तीन दिवस तिचे हातच काढले. चौथ्या दिवशी कान आणि केस. ती पदर दूर करून बसायची आणि हा कागदात पाहायचा. तिने घाई केली नाही. बोलायची मात्र सारखी, भाजीचं, मुलीचं, गुडघ्यांचं. त्यातच एकदा तिने ती जागा पुन्हा पाहायची इच्छा सांगितली. ती म्हणाली की स्वप्नात तो उतार फार मोठा येतो, खरा केवढा आहे ते एकदा पाहायचं आहे. गुडघे आहेत तोवर. आणि त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी आता तोच उरला होता; माय गेली, बाकीच्या कोण कुठे.

मार्चच्या सुरुवातीला, सकाळी दहाच्या सुमारास, शेखर त्या दोघांना घेऊन गेला. प्रसेनजितने आदल्या दिवसापासून जेवण सोडलं होतं. वाटेतल्या दगडी पाटीवरची अक्षरं उजळायची होती म्हणून त्याच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता. 

ती जागा सापडली. उतार अगदीच छोटा होता, शाळेच्या अंगणाएवढा. शालूबाई तिथे उभी राहून इकडेतिकडे पाहत होती. शेखर पुढे पाणवठ्याकडे एक नजर टाकायला गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. मोहाखाली फुलं पडलेली होती. तेवढ्यात घाणेरीच्या जाळीतून तोच आवाज आला. मोठा माणूस रागाने श्वास सोडतो तसा.

मादी होती. दोन पिल्लं तिच्या पायांत. वीस पावलांवर ती थांबली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. शालूबाई मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि लहान मुलासारखी हूं हूं करू लागली.

लोक आता सांगतात की प्रसेनजित तिच्या आडवा उभा राहिला. तो हे मान्य करत नाही. तो म्हणतो की त्याने पळायचंच ठरवलं होतं, मागचा रस्ता, तो पाइप, सगळं डोळ्यांपुढे आलं होतं, पण पाय उचलेनात. तो होता तिथेच राहिला आणि ती त्याच्या मागे होती, एवढंच.  ओरडावं हे त्याला माहीत होतं, त्यानेच पाच गावांच्या भिंतींवर ते लिहिलं होतं, पण आवाज निघेना. मग त्याच्या उजव्या हाताने, त्याला न विचारता म्हणा, ब्रशच्या दांडीने डब्यावर मारलं. पुन्हा मारलं. पत्र्याचा आवाज त्या खोऱ्यात मोठा झाला. लाल रंग उसळून त्याच्या शर्टावर, हनुवटीवर उडाला. मादीने मान वाकडी केली. तो मारत राहिला. ती चार पायांवर आली, दोन पावलं पुढे सरकली. त्या क्षणी आपण मेलो असं त्याला पक्कं वाटलं, आणि तरी हात चालू होता. मग एक पिल्लू तिच्या पाठीवर चढायला लागलं, दुसरं चढलं, आणि ती त्यांना घेऊन जाळीत वळली.

शेखर धावत आला तेव्हा जाळी हलायची थांबली होती, पण हा डबा वाजवतच होता. शेखरने मनगट धरलं तरी हात थांबेना. शेवटी शालूबाई उठली. तिने त्याच्या हातातून ब्रश सोडवला, डोक्यावरचा पदर ओढून काढला आणि त्याच पदराने ती त्याच्या तोंडावरचा रंग पुसायला लागली. भर उन्हात, चेहरा उघडा, एक वीत अंतरावर. त्याला मान फिरवायलाही जागा नव्हती. त्याने पाहिलं.

"काय दिसलं?" असं मी नंतर त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "ती भेलेली होती. माह्यावाणीच."

घरी आल्यावर त्याला तीन दिवस ताप होता. मी सलाइन लावलं. दार वाजलं तरी दचकायचा. चौथ्या दिवशी त्याने आंब्याची एक जुनी फळी उतरवली आणि कोरायला बसला. वीस दिवस लागले. रोज दुपारी शालूबाई येऊन समोर बसायची, पदर मांडीवर घेऊन. आता तो तिच्याकडे पाहायचा, पण दर वेळी पाहण्याआधी एक मोठा श्वास घ्यायचा. ते मी दारातून पाहिलं आहे.

ते चित्र मोठं आहे, परातीएवढं. गालावरचे टाके त्याने लपवले नाहीत, वाढवलेही नाहीत. नांगरटीच्या तासांसारख्या त्या रेघा आहेत. नाक जसं आहे तसं. उरलेला डोळा सरळ बघणाऱ्याकडे पाहतो. पहिला कागद काढला तेव्हा कय्यूमचाचांना बोलावलं होतं. ऐंशीला आलेले, काठी टेकत आले. त्यांनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. शालूबाईने पाहिलं आणि म्हणाली, "डोया जरा मोठा केला तू." मग स्वतःच्याच छापील गालावरून एक बोट फिरवलं. शाई ओली होती, बोट काळं झालं.

बुलडाण्याच्या एका वाचनालयाने त्याच्या चित्रांसाठी दोन दिवस खोली दिली. भिंतींवर चोवीस चित्रं, मध्ये तो चेहरा, आणि कवितांचे छापलेले कागद. उद्‌घाटनाला चार शब्द बोलायचे म्हणून त्याला बोलावलं तेव्हा तो जिन्याखाली सायकलींच्या मागे सापडला. मीच त्याच्याऐवजी कविता वाचून दाखवली. शालूबाई पदर घेऊन एका खुर्चीवर बसली होती. तिथे कोणी तिला ओळखत नव्हतं. एक बाई चित्रासमोर आली आणि चटकन पुढे सरकली. एक गृहस्थ मात्र उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा उभे राहिले. परतीच्या बसमध्ये शालूबाईने मला तीन वेळा सांगितलं की तो माणूस किती वेळ पाहत होता.

त्या चित्राची एक प्रत मी आमच्या वॉर्डात औषधांच्या कपाटाशेजारी लावली. डॉक्टरांना आधी आवडलं नाही, पेशंट घाबरतील म्हणाले. मी काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गोपाल नावाच्या एका तरुणाला आणलं. मोह वेचताना अस्वलाने जबडा आणि कपाळ फाडलं होतं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर मलमपट्टीसाठी आमच्याकडे पाठवला होता. तो बोलायचा नाही, जेवायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याच्या बायकोने आरसा पिशवीत लपवून ठेवला होता. ती एक दिवस त्या चित्रापाशी उभी राहिली आणि मला विचारलं, ही बाई वाचली का. मी सांगितलं, तीस वर्षं झाली, मजेत आहे, काल माझ्याशी वांग्यांवरून भांडली. हे ऐकून गोपालने मान वळवली.

हे चित्र ज्याने काढलं त्याला भेटायचं आहे, असं त्याने त्याला लिहायला दिलेल्या पाटीवर लिहून दाखवलं. मी घरी येऊन प्रसेनजितला सांगितलं. तो दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही वेळा परत गेला. एकदा तर मी त्याला शोधत बसस्टँडपर्यंत गेले, तिथून फोन केला तर तो उचलेना. तिसऱ्या दिवशी आला. स्टूल ओढून बसला.  गोपालने पाटी घेतली आणि लिहिलं, भेव कधी जाते.

प्रसेनजितने ते दोनदा वाचलं.

"मले इचारू नोको," तो म्हणाला. "माह्यं अजून गेलं नाही. आत्ता येताना बी लागत होतं."

गोपाल त्याच्याकडे पाहत राहिला. पट्ट्यांमधून फक्त डोळे दिसत होते. मग त्याने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला. प्रसेनजितने पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर फळी ठेवली, आणि चेहऱ्याला अजून वेळ आहे असं पाहून, त्या हातापासून सुरुवात केली. त्या संध्याकाळी गोपालने अर्धी वाटी खिचडी खाल्ली, हे मी माझ्या हाताने चार्टवर लिहिलं आहे.